टेनिसच्या हिरवळीवर एक दिवस

आपल्या कर्जत-खालापूर भागांतील कोणत्याही शेतकऱ्यास, शेताचा चिवट वैरी कोण, असें विचारलें तर बहुधा हरळीचें नांव प्रथम येईल. भात उभें असतांना ती पाण्याखालीं दबून असते. परंतु भात निघून वाल पेरला, कीं बांधावरून ती खालीं उतरूं लागते. नांगरलें तर तिचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याच्या पेऱ्यास नवें मूळ फुटतें. काशा वेचून वेचून कंबर मोडते, आणि पुढील वर्षीं ती पुन्हां तेथेंच! गणपतीस दूर्वा म्हणून आपण वाहतों ती हीच, हें खरें. तरी देवघरांतील मान तिला शेतांत कोणी देत नाहीं. अशा या हरळीस हौसेनें लावून, पाणी घालून, वारंवार कापून व रूळ फिरवून तिच्यावर नामांकित खेळाडूंस खेळवितात आणि तें पाहण्यास लोक पैसे मोजून येतात, हा प्रकार मीं ता. १ फेब्रुवारी २०१९ रोजीं कोलकात्यास प्रत्यक्ष पाहिला. त्याची हकीकत व तींतून आपणांस उपयोगी पडण्याजोगी माहिती येथें देत आहे.

मला या खेळाचा नाद कसा लागला तें थोडक्यांत सांगतों. १९८५ सालीं बोरिस बेकर या सतरा वर्षांच्या जर्मन मुलानें विंबल्डन येथील अजिंक्यपद मिळविलें, तेव्हां मीही त्याच्याच वयाचा होतों. आमच्या आळींत एकच दूरदर्शन संच होता व त्यावर हिरवळ करड्या रंगाची दिसे. तरी तो मुलगा चेंडूसाठीं अंग झोकून देई तेव्हां खालीं गवतच आहे, हें समजत असे. पुढें महसूल कचेरींत नोकरी लागली. गवताशीं संबंध उरला तो सातबाऱ्याच्या उताऱ्यांतील वरकस व गवती पडीक या शब्दांपुरता. नोकरीचीं कांहीं वर्षें शिल्लक असतां पुतण्याचें पत्र आलें, कीं डेव्हिस चषकासाठीं भारत व इटली यांची लढत कोलकात्यास हिरवळीवर होणार आहे, काकांनीं यावें. मीं रजा टाकली आणि कल्याणहून हावडा मेल धरला. दोन रात्री गाडींत गेल्या.

साउथ क्लब ही संस्था १९२० सालची असून ती शहराच्या वुडबर्न पार्क भागांत आहे. आंत शिरल्यावर लोक आपापल्या जागा शोधूं लागले. मी मात्र कुंपणाशीं वांकून गवत पाहूं लागलों. पेरें ओळखीचीं होतीं. पुतण्या म्हणाला, "काका, खेळ अजून सुरू झालेला नाहीं." मीं त्यास सांगितलें, कीं माझा सुरू झाला आहे.

टेनिसच्या कोर्टाची लांबी ७८ फूट असते. दोघांच्या खेळास २७ फूट व चौघांच्या खेळास ३६ फूट रुंदी लागते. मोठें माप धरल्यास २,८०८ चौरस फूट भरतात. म्हणजे १,०८९ फुटांच्या गुंठ्याप्रमाणें अडीच गुंठ्यांहून किंचित् अधिक. मध्यें जाळें असतें. तें खांबांपाशीं साडेतीन फूट व मधोमध तीन फूट उंच. एवढ्या लहानशा तुकड्यावर जी मशागत होते, ती आपल्या भाताच्या मशागतीच्या अगदीं उलट आहे. आपण चिखलणी करून माती मऊ व पाणी धरून ठेवणारी करतों. टेनिसच्या जमिनीस वरून गवताचा दाट पट्टा आणि खालीं पेठेंतील फरशीसारखी टणक माती हवी असते. माती मऊ राहिली तर चेंडू उसळतच नाहीं. यासाठीं चिकणमातीचा अंश असलेली जमीन घेऊन तिच्यावर रूळ फिरवितात. आणि रूळ केव्हां फिरवावा हें ज्याला कळलें त्याला निम्में काम आलें. ओल फार असतां फिरविला तर माती चिकटते व गवताच्या मुळांशीं हवा जाणें बंद होतें. जमीन सुकल्यावर फिरविला तर ती दबतच नाहीं. वाफसा साधला पाहिजे. इंग्रजी पुस्तकांतून या गोष्टीचें मोठें वर्णन असतें, पण आपल्या शेतकऱ्यास तो एक शब्द पुरे.

आतां कापणीविषयीं. गवत वाढूं द्यावें आणि कापावें हा आपला धंदा. येथें तें वाढूं न देण्यासाठींच कापतात. शेंडा वारंवार खुडल्यामुळें हरळी वर न जातां आडवी पसरते, तिचे फुटवे वाढतात आणि एक गालिचा तयार होतो. विंबल्डनला गवताची उंची केवळ ८ मिलिमीटर ठेवतात. मात्र एका वेळीं पात्याच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक कापूं नये, नाहीं तर मुळें दुबळीं होतात. विंबल्डनचें गवत मात्र आपलें नव्हे. तेथें २००१ सालापासून केवळ बारमाही राय जातीचें गवत पेरतात. त्यापूर्वीं त्यांत फेस्क्यू नांवाच्या दुसऱ्या गवताचें तीस टक्के मिश्रण असे. राय हें थंड हवेचें गवत असून तें ठोंबानें वाढतें, धावत नाहीं. त्यामुळें खेळाडूंच्या पायांखालीं जेथें तें झिजतें तेथें उघडी माती दिसूं लागते व पुढें बीं पेरावें लागतें. आपल्या वैशाखांत तें टिकावयाचें नाहीं. हरळी मात्र झिजलेल्या जागीं बाजूनें धाव घेऊन आपली जखम आपण भरून काढते. शेतांत जो तिचा दुर्गुण, तोच येथें गुण.

खेळ सुरू झाल्यावर प्रथम कानास फरक कळला. सिमेंटवर चेंडूचा आवाज खणखणीत येतो. गवतावर तो दबका येतो. खेळाडूंच्या बुटांच्या तळव्यांस बारीक गुठळ्या असतात, त्यामुळें पाय घसरत नाहीं. चेंडू मात्र घसरतो, आणि गवतावरील खेळाचें सारें मर्म यांतच आहे. पात्यांवर चेंडूस पकड मिळत नाहीं म्हणून त्याचा वेग फारसा मोडत नाहीं, आणि हिरवळ थोडा धक्का गिळते म्हणून तो उंच उठत नाहीं. विटांच्या भुकटीच्या लाल कोर्टावर याच्या उलट घडतें; तेथें चेंडू माती पकडतो, मंदावतो व खांद्याइतका उसळतो. तेव्हां गवतावर ज्याचा पहिला फटका जोराचा, जो चेंडू कापून खालीं ठेवतो आणि जो गुडघे वांकवून खेळतो, त्याचें फावतें. प्रथम पाहणाऱ्यानें चेंडूच्या मागें मान फिरवीत बसूं नये. एकाच खेळाडूचे गुडघे पाहावेत. कोण दमला आहे हें गुणफलकाच्या आधीं तेथें दिसतें.

यजमान देशास जमीन निवडण्याचा हक्क असतो. इटलीचे खेळाडू लाल मातीवर वाढलेले, गवतावर ते चांचपडतील, असा हिशेब करून आपल्या लोकांनीं हिरवळ निवडली होती. त्या दिवशीं पहिला सामना आपला रामकुमार रामनाथन व आंद्रेआस सेप्पी यांचा झाला. सहा डाव जिंकले कीं एक सेट, आणि तीनांतील दोन सेट जिंकणारा विजयी, असा नियम होता. रामकुमारचा पहिला फटका खरोखर जबर. १९१८ नव्हे, २०१८ सालीं (जुन्या दप्तरांची संवय जात नाहीं) तो अमेरिकेंतील न्यूपोर्टच्या हिरवळीवर अंतिम सामन्यापर्यंत गेला होता. परंतु सेप्पी शांतपणें वांकून चेंडू परतवीत राहिला, आणि ६-४, ६-२ असा सामना घेऊन गेला. दुसऱ्या सामन्यांत मातेओ बेरेत्तिनी नांवाच्या धिप्पाड तरुणानें आपल्या डावखुऱ्या प्रज्ञेश गुणेश्वरनला ६-४, ६-३ असें हरविलें. संध्याकाळीं लोक उठून गेले तेव्हां कोणी फारसें बोलत नव्हतें.

परतीच्या वाटेवर मीं पुतण्याकडून माहिती काढविली. सेप्पीनें २०११ सालीं इंग्लंडांतील ईस्टबोर्नची स्पर्धा जिंकली होती, आणि ती गवतावरच! बेरेत्तिनीचा अनुभव तर पुढें साऱ्या जगास आला. त्यानंतर चारच महिन्यांनीं, जून २०१९ मध्यें, त्यानें स्टुटगार्टची हिरवळीवरील स्पर्धा जिंकली; २०२१ सालीं तो विंबल्डनच्या अंतिम सामन्यांत जोकोविचसमोर उभा राहिला. इटलीचा म्हणजे मातीचा, हा आमचा हिशेब देशाच्या नांवावरून केलेला होता, माणसाकडे पाहून नव्हे. मला आणेवारीची आठवण झाली. गेल्या वर्षीं या गांवाचें पीक किती आलें होतें, शेजारच्या गांवाचें किती धरलें आहे, हें पाहून आंकडा घालण्याचा मोह कचेरींत होतो. आणि बांधावर जाऊन पाहिलें तर वरच्या शेतांत लोंब्या भरलेल्या आणि खालचें शेत पुरानें बसलेलें. असे आंकडे मींही पुढें पाठविले आहेत. ते कोणाच्या पदरांत काय टाकून गेले, हें आज सांगतां येत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं, शनिवारीं, मी परतीच्या गाडींत होतों. चौघांच्या सामन्यांत रोहन बोपण्णा व दिविज शरण या जोडीनें पहिला सेट गमावूनही ४-६, ६-३, ६-४ असा विजय मिळविला. बोपण्णा हा कूर्गच्या कॉफी-बागाईतदाराचा मुलगा. २०२४ सालीं, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं, त्यानें ऑस्ट्रेलियांतील दुहेरीचें अजिंक्यपद मिळविलें. पण प्रज्ञेश सेप्पीकडून ६-१, ६-४ असा हरला आणि लढत ३-१ अशी इटलीस गेली.

त्या शहरानें याहून चांगले दिवस पाहिले आहेत. १९६६ सालीं तेथेंच रामनाथन कृष्णन् यांनीं ब्राझिलच्या कॉखविरुद्ध निर्णायक सामन्यांत चौथ्या सेटमध्यें २-५ असें मागें असतांना बाजी पालटविली आणि भारत प्रथमच डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरींत गेला. १९७४ च्या मे महिन्यांत तेथेंच बलाढ्य ऑस्ट्रेलियास ३-२ असें हरविलें. त्यानंतर सोव्हिएत संघाशीं उपांत्य लढत आपल्या पुण्यास झाली. माझे एक वडीलधारे सहकारी ती पाहण्यास कर्जतहून गेले होते. घाटासाठीं गाडीस मागून इंजिन जोडीत असतां उतरून खाल्लेल्या वड्यासुद्धां त्यांना सर्व आठवत असे. विजय व आनंद अमृतराज या बंधूंच्या भारतानें ती लढत ३-१ अशी जिंकली. अंतिम लढत दक्षिण आफ्रिकेशीं होती; तेथील वर्णद्वेषी राजवटीच्या निषेधार्थ भारतानें ती न खेळण्याचें ठरविलें आणि चषक न खेळतां तिकडे गेला. "बरोबर केलें," असें ते म्हणत, आणि थोडा वेळ गप्प बसत. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

त्या काळीं जगांतील चार मोठ्या स्पर्धांपैकीं तीन गवतावर होत. अमेरिकेनें १९७५ सालीं व ऑस्ट्रेलियानें १९८८ सालीं गवत सोडलें; आज विंबल्डन एकटें राहिलें आहे. (तेथें सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री म्हणजे संस्कृत कवयित्री पंडिता क्षमा राव यांची कन्या लीला राव, सालं १९३४.) कारण उघड आहे. सिमेंटला पाणी, खत, रूळ व जाणता माळी लागत नाहीं. आपल्या मुलांस गवतावर सराव नाहीं, कारण गवत राखणारे हात कमी झाले. मग एका लढतीपुरतें गवत निवडून काय साधणार?

येथें आपला संबंध येतो. कर्जत-खालापुरांतील ज्या वरकस जमिनींवरून गवताच्या गाड्या मुंबईच्या तबेल्यांस जात, त्यांतील पुष्कळशा आतां शहरांतील लोकांचीं शेतघरें झालीं आहेत. त्यांच्या खरेदीचे कागद माझ्या टेबलावरून गेले आहेत. त्या जमिनींवर पुन्हां गवतच लावलें जातें, फक्त त्यास हिरवळ म्हणतात, आणि तिच्या निगेस माळी बाहेरगांवाहून येतो. हें काम आपल्या मुलांस सहज येण्यासारखें आहे. जमीन चैत्रांत खणून काशा, लव्हाळा, दगड काढावे व उन्हांत तापूं द्यावी. आपल्याकडील पावसांत पाणी सांचतां कामा नये, म्हणून दर दहा फुटांस सुमारें एक इंच उतार द्यावा. पाऊस स्थिरावल्यावर हरळीचे तुकडे, प्रत्येकास दोन-तीन पेरें राहतील असे, तीन-चार इंचांवर टोंचावे. झाडाची दाट सावली असेल तेथें हरळीचा हट्ट धरूं नये. गवतानें जमीन झांकली म्हणजे धारदार पात्यानें कापणी सुरू करावी. घरगुती हिरवळीस एक इंच उंची पुरे. चाळलेली माती वरून पातळ पसरून खळगे भरावे, आणि रूळ वाफशावर.

गेल्या पावसाळ्यांत मीं परसांत अर्ध्या गुंठ्यावर हा प्रयोग केला. नातवंडें तेथें चेंडू मारतात; तो कसा घसरतो हें मीं त्यांस दाखवितों. शेजारचे आप्पा कुंपणावरून बराच वेळ पाहत होते. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आपल्या वालाच्या शेतांतून वेचलेल्या काशांच्या दोन पाट्या त्यांनीं माझ्या दारांत आणून ओतल्या आणि म्हणाले, "भाऊसाहेब, लागतील तेवढ्या मागा."