एक घड्याळ, दोन दिवस

डिसेंबरच्या उत्तरार्धात अरुणाचल प्रदेशातल्या वालोंगला दुपारी सव्वाचारच्या आतच सूर्य मावळतो. त्याच दिवशी कच्छमधल्या लखपतला सूर्यास्त होतो तेव्हा सव्वासहा वाजत आलेले असतात. दोन्ही गावे देशाच्या सीमेवरची. वालोंग लोहित नदीच्या खोऱ्यात, चीनच्या सीमेजवळ. १९६२च्या युद्धात इथे भारतीय जवानांनी निकराची झुंज दिली. लखपत कोरी खाडीच्या काठी, पाकिस्तानच्या बाजूला. १८१९च्या भूकंपाने सिंधूचे पाणी वळले आणि हे भरभराटीचे बंदर ओस पडले. दोन्हीकडे घड्याळात वेळ मात्र एकच.

पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. वालोंग साधारण ९७ अंश पूर्व रेखांशावर, तर लखपत ६८.८ अंशांवर आहे. म्हणजे सूर्याच्या हिशेबात दोघांमध्ये सुमारे एक तास ५३ मिनिटांचे अंतर पडते. भारतीय प्रमाणवेळ ठरते ती उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावरून. त्यामुळे वालोंगची मध्यान्ह सकाळी अकराच्या सुमारास होते, लखपतची दुपारी एकला पाच-सात मिनिटे कमी असताना.

त्यात अक्षांशाची भर पडते. वालोंग लखपतपेक्षा चार अंशांहून अधिक उत्तरेला असल्याने तिथला हिवाळ्यातला दिवस अधिक लहान आणि उन्हाळ्यातला अधिक मोठा. म्हणून डिसेंबरात दोन्हीकडच्या सूर्यास्तांत दोन तासांचा फरक असतो, सूर्योदयांत पावणेदोन तासांचा. जूनमध्ये हे उलटते. वालोंगला पहाटे चारच्या सुमारास सूर्य उगवतो, लखपतला सहानंतर. सूर्यास्तांतला फरक मात्र पावणेदोन तासांवर येतो. हा हिशेब मोकळ्या क्षितिजाचा आहे. डोंगरांनी वेढलेल्या वालोंगच्या दरीत प्रत्यक्ष ऊन उतरायला आणखी वेळ लागतो.

आपले शरीर भिंतीवरचे घड्याळ पाहत नाही. मेंदूतल्या पेशींचा एक छोटा पुंजका डोळ्यांवाटे येणाऱ्या उजेडावरून दिवस-रात्र ओळखतो. अंधार पडला की झोपेची तयारी करणारे मेलॅटोनिन स्रवू लागते; सकाळचा उजेड हे चक्र रोज जुळवून घेतो. वालोंगला डिसेंबरात सहाच्या आत सूर्योदय होतो. कचेरी दहाला उघडली तर तोवर चार तासांचा उजेड सरलेला असतो आणि ती बंद होण्याआधीच दिवे लावावे लागतात. पश्चिमेची अडचण वेगळी. सूर्यास्त जितका उशिरा, तितकी मुले उशिरा झोपतात, पण शाळेची वेळ बदलत नाही. परिणामी झोप कमी होते आणि शिक्षणावरही त्याचा परिणाम होतो, हे अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी यांनी भारतातल्या मुलांच्या आकडेवारीतून दाखवले आहे.

या प्रश्नावर लोकांनी पूर्वीच वाट काढली होती. आसामच्या चहामळ्यांत इंग्रजी अमलापासून घड्याळ एक तास पुढे ठेवतात. ही ‘बागान टाइम’. मुंबईनेही १९०६मध्ये प्रमाणवेळ आल्यानंतर तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली आपली वेळ १९५५पर्यंत टिकवली. २०१८मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने ईशान्येसाठी एक तास पुढची वेळ सुचवली. आसाम आणि पश्चिम बंगालच्या सीमेजवळ देश चिंचोळा असल्याने तिथे थोड्याच रेल्वे स्थानकांवर वेळ बदलावी लागेल, असा त्यांचा हिशेब होता. सामरिक कारणांसाठी सरकारने हा प्रस्ताव स्वीकारला नाही.

एकाच वेळेने रेल्वे, बँका आणि दळणवळण सुरळीत चालते, ही सोय मोठीच आहे. पण ती टिकवूनही बरेच काही करता येईल. ईशान्येतल्या कचेऱ्या आणि शाळा तासभर आधी सुरू कराव्यात, पश्चिम टोकाच्या शाळा हिवाळ्यात थोड्या उशिरा भरवाव्यात. त्यासाठी घड्याळाचा काटा हलवावा लागत नाही, वेळापत्रक बदलले तरी पुरते. वेळापत्रक ठरवण्याचा अधिकार स्थानिक प्रशासनाने वापरावा आणि सीमेवरच्या माणसांना त्यांच्या वाट्याचा उजेड मिळवून द्यावा.