गाव करी ते राव न करी : पायथन भाषेच्या दोन आवृत्त्यांची गोष्ट

ओमानमधील भारतीय शाळांत अकरावी-बारावीला संगणकशास्त्र घेणारी मुले आज पायथन नावाची भाषा शिकतात. सीबीएसईच्या अभ्यासक्रमात पूर्वी सी प्लस प्लस ही भाषा होती. २०१० च्या दशकाच्या अखेरीस तिची जागा पायथनने घेतली. मुलगा किंवा मुलगी ‘पायथन करते’ एवढे पालकांना ठाऊक असते. परंतु ही भाषा कोणाची, तिचे नियम कोण ठरवतो आणि ते बदलायचे झाल्यास कोणाला विचारून बदलतात, हे फारसे कोणी विचारीत नाही. आम्हां शिक्षकांना मात्र ते विचारावेच लागते; कारण नियम बदलले की पहिला फटका पाठ्यपुस्तकाला बसतो आणि दुसरा मुलाच्या वहीला.

पायथन ही कोणा कंपनीची मिळकत नव्हे. नेदरलँड्सचे गिडो व्हान रॉसम ॲमस्टरडॅमच्या एका संशोधन संस्थेत काम करीत असताना, १९८९ च्या नाताळच्या सुटीत त्यांनी ही भाषा घडवायला घेतली आणि १९९१ साली जगाला खुली करून दिली. नाव सापावरून नव्हे, तर मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळीवरून ठेवले. ही भाषा मुक्तस्रोत आहे. म्हणजे तिचा अंतर्भाग कोणीही वाचावा, वापरावा, दुरुस्त करावा. त्याचे दाम द्यावे लागत नाही. तिचे नाव आणि हक्क २००१ पासून एका ना-नफा प्रतिष्ठानाकडे आहेत. बदल सुचवायचा तर लेखी प्रस्ताव मांडायचा. त्याला ‘पेप’ म्हणतात. त्यावर उघड चर्चा होते. चर्चेअंती शेवटचा शब्द मात्र अनेक वर्षे एकट्या गिडोंचा असे. मंडळींनी त्यांना थट्टेने पदवीच दिली होती : ‘तहहयात कनवाळू हुकूमशहा’.

या हुकूमशहाने आपल्या भाषेची एकदा मुळापासून दुरुस्ती करायचे ठरवले. ती दुरुस्ती पार पडायला अकरा वर्षे लागली. ती कशी पार पडली, यात आपल्या सर्वांच्या उपयोगाचे काही आहे असे आम्हांस वाटते.

काय बदलले?

३ डिसेंबर २००८ रोजी पायथनची तिसरी आवृत्ती निघाली. जुन्या चुका एकदाच निपटून काढायच्या, मग जुने लिखाण चालेनासे झाले तरी बेहत्तर, असा तिचा बाणा होता. दुसऱ्या आवृत्तीत ३ ला २ ने भागा म्हटले तर उत्तर १ येई, कारण पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की उरलेला अर्धा टाकून दिला जाई. तिसरीत उत्तर १.५ येते. शाळेत गणित शिकलेल्याला हेच योग्य वाटेल. पडद्यावर काही छापण्यासाठी ‘प्रिंट’ हा हुकूम असतो. त्याच्यापुढे पूर्वी कंस लागत नसे, आता लागतो. कंस विसरला की संगणक अडून बसतो.

सर्वांत मोठा बदल अक्षरांचा होता, आणि तो आपल्या जिव्हाळ्याचा आहे. जुन्या पायथनला अक्षर म्हणजे मुळात रोमन अक्षर. देवनागरी किंवा अरबी मजकूर त्याला बाइटांची माळ दिसे. ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारली तर प्रचलित साठवणुकीत तो १५ सांगे, कारण देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते. नवा पायथन ५ सांगतो : म, र, काना, ठ आणि वेलांटी. आपले पहिलीतले मूल ३ म्हणेल, आणि तेही चूक नाही! पण १५ वरून ५ वर येणे म्हणजे यंत्राने आपली लिपी लिपी म्हणून ओळखणे होय. ज्या देशात दुकानाच्या पाटीपासून दवाखान्याच्या कागदापर्यंत अरबी आणि इंग्रजी शेजारी शेजारी नांदतात, तेथे या बदलाचे मोल निराळे सांगायला नको.

बदल चांगला होता, मग अडचण कोठे आली?

चांगल्या बदलाचीही किंमत असते

आम्ही मूळचे मॉरिशसचे. पूर्वजांनी कोकणातून नेलेली बोली आणि पुस्तकातली मराठी यांच्यातले अंतर आम्ही शिकताना सोसले आहे आणि शिकवतानाही. तिकडे १९६२ साली साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे नवे नियम केले, अनुच्चारित अनुस्वार गेले. तरी जुनी पुस्तके आजही वाचता येतात. माणसाच्या भाषेत एवढी सोय असते की ऐकणारा समजून घेतो. संगणक समजून घेत नाही. दुसऱ्या आवृत्तीत लिहिलेला कार्यक्रम तिसरीत एक तर थांबे, नाही तर त्याहून वाईट म्हणजे मुकाट्याने निराळे उत्तर देई.

शिवाय कोणाचाही कार्यक्रम एकटा उभा नसतो. तो दुसऱ्यांनी लिहिलेल्या दहा तयार संचांवर उभा असतो. त्या दहांपैकी एकानेही नवी आवृत्ती स्वीकारली नाही, तर इच्छा असून तुम्हांला पुढे जाता येत नाही. आणि संच लिहिणारे तरी का हलतील? त्यांचे वापरणारे सारे जुन्या घरात! अशी सर्वांनी एकमेकांची वाट पाहण्यात वर्षे गेली. ठरवणाऱ्याने ठरवले, पण मेहनतीचा भार त्या चर्चेत कधी न बसलेल्या लोकांवर पडला : प्रयोगशाळेतला संशोधक, लहान कचेरीतला हिशेबनीस, शाळेतला शिक्षक. आमच्याच वर्गात जुन्या मार्गदर्शकातून उतरवलेला ‘प्रिंट’ कंसाविना टंकून रडवेली झालेली मुले आम्ही पाहिली आहेत. चूक त्यांची नव्हती. पुस्तक एका आवृत्तीचे आणि यंत्र दुसऱ्या आवृत्तीचे होते.

महाराष्ट्रातही हा भार उचलावा लागला. पवईच्या आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअरचे बोलके पाठ तयार करतो. त्यांतले कित्येक मराठीतही आहेत. तेथे पायथनच्या जुन्या आवृत्तीचे पाठ वेगळे ठेवून ३.४.३ या आवृत्तीसाठी नवी मालिका करावी लागली. पाठ लिहा, तपासा, बोला, चित्रित करा, हे सारे पुन्हा.

हुकूम नव्हे, वाटाघाट

हट्टाने काम होणार नाही हे पायथनच्या कारभाऱ्यांच्या हळूहळू ध्यानी आले. त्यांनी जे केले ते क्रमाने पाहण्यासारखे आहे.

पहिले म्हणजे, जुने घर पाडले नाही. २०१० साली २.७ ही दुसऱ्या पिढीतली शेवटची आवृत्ती काढली आणि तिची डागडुजी चालू ठेवली. दुसरे, जुने लिखाण नव्यात उतरवणारे साधन दिले. आणि दोन्ही आवृत्त्यांत चालेल असे लिहिण्यासाठी लोकांनी आपणहून ‘सिक्स’ नावाचा संच केला. दोन त्रिक सहा, म्हणून सिक्स! तिसरे, काही ठिकाणी माघार घेतली. जुन्या आवृत्तीत युनिकोड मजकुरामागे ‘यू’ हे अक्षर लावीत. नव्या आवृत्तीत ते काढून टाकले होते. त्यामुळे एकच लिखाण दोन्हींत चालेना. २०१२ साली ३.३ आवृत्तीत ते निरुपयोगी अक्षर केवळ लोकांच्या सोयीसाठी परत घेतले. चौथे, मुदत दिली. जुन्या आवृत्तीचा आधार आधी २०१५ साली संपायचा होता. लोक तयार नाहीत हे पाहून २०१४ मध्ये ती मुदत २०२० पर्यंत वाढवली. त्यानंतर मात्र वाढवली नाही.

आणि अखेर गाव हलले. जँगो या नावाजलेल्या संचाने डिसेंबर २०१७ मधल्या आपल्या दुसऱ्या आवृत्तीपासून जुना पायथन सोडला. शास्त्रीय गणितासाठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या नमपायने त्याच वर्षी जाहीर केले की २०१९ पासून नव्या सुधारणा फक्त तिसऱ्या आवृत्तीसाठी होतील. कोणाला ते पसंत नसेल तर जुनी भाषा पुढे चालवायची मोकळीक होतीच. २०१६ साली एकाने तसे केलेही. ‘पायथन २.८’ हे नाव मात्र त्याला सोडावे लागले आणि भाषा ‘टॉथॉन’ झाली. पण तिकडे फारसे कोणी गेले नाही. १ जानेवारी २०२० रोजी जुन्या पायथनचा अधिकृत आधार संपला आणि एप्रिलमध्ये २.७.१८ ही शेवटची आवृत्ती निघाली.

फलजचा वकील

ओमानमध्ये राहणाऱ्याला हा कारभार परका वाटू नये. येथे तीन हजारांहून अधिक फलज आजही वाहतात. त्यांतले पाच युनेस्कोने २००६ साली जागतिक वारसा यादीत घेतले. निझव्याचा फलज दारिस त्यांपैकीच एक. फलजच्या पाण्याचे वाटे असतात. सुमारे अर्ध्या तासाच्या वाट्याला ‘अथर’ म्हणतात. कारभार पाहणाऱ्याला ‘वकील’ म्हणतात आणि पाळ्या सांभाळतो तो ‘अरीफ’. पूर्वी दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून पाळी मोजत. आता कित्येक गावांत मनगटी घड्याळ आले आहे. आपल्याकडे धुळे-नाशिक भागात पांझरेच्या काठी फड पद्धतीत पाटकरी आणि जागल्या हेच काम करीत आले. मोजमापाचे साधन बदलता येते, पण वाहते पाणी थांबवून नव्हे, आणि वाटेकऱ्यांना डावलून तर नव्हेच. वकिलाचा अधिकार त्याच्या आवाजात नसतो, वाटेकऱ्यांच्या विश्वासात असतो.

पायथनलाही हे शिकावे लागले. जुलै २०१८ मध्ये एका लहानशा नव्या चिन्हावरून कडाक्याचा वाद झाला. गिडोंनी प्रस्ताव मंजूर केला खरा, पण त्या वादाने थकून हुकूमशहाचे पद सोडले आणि वारसही नेमला नाही. मूळ कारागिरांनी कारभाराचे सात प्रस्ताव मांडले, डिसेंबरात मतदान केले आणि २०१९ च्या आरंभी पाच जणांचे सुकाणू मंडळ निवडले. एका मालकाच्या नोकरीतले दोनांहून अधिक सभासद त्यात असू शकत नाहीत. प्रत्येक मोठ्या आवृत्तीनंतर नवी निवडणूक होते. दोन तृतीयांश कारागिरांनी अविश्वास दाखवला तर मंडळ जाते. पहिल्या मंडळात गिडोही निवडून आले. पुढच्या निवडणुकीतून त्यांनी नाव मागे घेतले.

आता दर वर्षी ऑक्टोबरात एक आवृत्ती निघते आणि तिला पाच वर्षे आधार मिळतो. जुनी गोष्ट काढायची असेल तर सामान्यतः किमान दोन आवृत्त्या आधी इशारा द्यावा लागतो. एकदाच सारे उलथून टाकण्याऐवजी थोडे थोडे, सांगून-सवरून, असा हा मार्ग आहे.

यावरून आपण काय घ्यावे? सामाईक गोष्ट सुधारण्याचा हक्क जाणत्यांना जरूर असावा. परंतु सुधारणेची किंमत जे मोजणार त्यांना वेळ, साधने आणि बोलण्याची जागा द्यावी. मुदत जाहीर करावी आणि ती पाळावी. हे संगणकाच्या भाषेला लागू आहे, तसेच अभ्यासक्रम बदलणाऱ्या मंडळांना आणि आपल्या छोट्या संस्थांनाही.

पालकांना आमची विनंती एवढीच. नव्या वर्षी पायथनचे पुस्तक घेताना, विशेषतः जुन्या बाजारातले घेताना, आत ‘प्रिंट’पुढे कंस आहे की नाही तेवढे पाहून घ्यावे. आणि मुलांना सांगावे की ते शिकत असलेल्या भाषेचे प्रस्ताव सर्वांना वाचायला खुले आहेत. वाचता वाचता उद्या आपल्यापैकीच एखादे मूल त्या चर्चेत स्वतःचा प्रस्ताव घेऊन उभे राहील, तर आम्हां शिक्षकांना त्याहून दुसरे काय हवे?