आमटीचा डाग आणि हळदीचा साबण

नरक चतुर्दशीला सकाळी साडेसहालाच फोन वाजला. इतक्या लवकर कोण, म्हणून छातीत धस्स झालं. वन्संचा फोन. ‘‘वहिनी, त्या साबणात काय घातलंय तुम्ही? पोरीची पाठ नुसती लाल झालीय. आग आग होतेय म्हणून रडतेय.’’

साबण मी केलेला. दसऱ्याला केला, वड्या पाडल्या, रंगीत कागदात बांधून दिवाळीला पाच घरी दिल्या. ‘घरचा आहे, नैसर्गिक आहे, लहान मुलांनाही चालतो,’ असंही प्रत्येकीला ऐटीत सांगितलं होतं. त्या दिवशी फराळाचं ताट पुढ्यात असून घास उतरेना. उरलेल्या चार घरी फोन करून ‘तो साबण वापरू नका हो’ म्हणताना जी लाज वाटली, ती अजून आठवते.

झालं होतं काय, की एका शिबिरात कृती लिहून घेतली होती. खोबरेल तेल, कॉस्टिक सोडा, पाणी. पण अर्धा किलो खोबरेल जिवावर आलं, म्हणून मी निम्मं शेंगदाणा तेल घातलं. तेल ते तेल, असा आपला हिशेब! गल्लीतल्या रसायनशास्त्राच्या निवृत्त मॅडमना वही दाखवली, तेव्हा त्यांनी चूक दाखवली. प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा. 500 ग्रॅम खोबरेलाचा पूर्ण साबण व्हायला साधारण 91 ग्रॅम कॉस्टिक लागतं, तेवढ्याच शेंगदाणा तेलाला 68च्या आसपास. मी तेल बदललं, सोडा तोच ठेवला. जास्तीचा सोडा वडीत मोकळा राहिला आणि पोरीच्या अंगाला लागला. साबण मुरवायचा असतो हे खरं, पण मापातच चुकलेला साबण मुरवून सुधारत नाही. तिची पाठ चार दिवसांनी बरी झाली. वन्संचं मन बरं व्हायला जास्त दिवस लागले.

आता मी एक-एक ग्रॅम दाखवणारा काटा घेतलाय. वाटी-चमच्याचं माप इथे चालत नाही. 500 ग्रॅम खोबरेलाला 85 ग्रॅम कॉस्टिक आणि 190 ग्रॅम पाणी घेते, म्हणजे थोडं तेल मोकळं राहतं आणि कातडी ओढत नाही. नळ मोकळा करायची पावडर यासाठी मुळीच नको, तिच्यात इतर काहीबाही असतं. भांडं स्टीलचं हवं. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात मी एकदा करून पाहिलं, तर ते फसफसून काळं पडलं! आणि मैत्रिणींनो, सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीही ओतायचं नाही. हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी, मुलं घराबाहेर. अंगावर थेंब उडालाच तर नळाखाली भरपूर वेळ धरायचं. डोळ्यात गेला तर खूप वेळ पाण्याने धुऊन तडक डॉक्टर गाठायचा. सोड्याचं पाणी कोमट झालं की तेलात ओतून घोटायचं. भज्यांच्या पिठाइतकं दाट झालं आणि चमच्याने ओढलेली रेघ वर दिसायला लागली, की साच्यात ओतायचं.

आता रंगांची गंमत. माझी खरी हौस तीच होती. बीटाचा रस घातला, वाटलं गुलाबी साबण होईल. झाला मातकट. जास्वंदीचा लाल काढा घातला, तर हिरवट-राखाडी काहीतरी निघालं. पालकाची हिरवी वडी सुंदर दिसत होती, पण महिन्याभरात ती वाळक्या पानासारखी झाली. हळद घातली तेव्हा तर मिश्रण एकदम लालभडक! मी ओरडलेच. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, ‘‘अगं, शर्टावर आमटी सांडली आणि साबण लावला, की डाग लाल नाही का होत? हळदीला चुना लागला की कुंकू होतं, तसंच हे.’’ पुढे ती वडी केशरी झाली. खिडकीत ठेवली होती, तर वरच्या बाजूने फिकी पडली. त्यावरही त्यांचं उत्तर तयार, ‘‘हळदीचा डाग आपण उन्हातच घालवतो ना?’’ इतकी वर्षं कपडे धुतेय मी, पण हे सुचलं नाही ते नाहीच.

टिकले ते रंग निराळेच. गेरू आणि मुलतानी माती, कारण माती सोड्याला दाद देत नाही. (कुंड्यांना लावायचा गेरू नको, अंगाला लावायचा स्वच्छ घ्या.) मंजिष्ठाने फिका गुलाबी येतो. काष्ठौषधींच्या दुकानातली रतनजोतीची मुळं कोमट खोबरेलात दोन दिवस ठेवली, की तेल लाल होतं आणि साबण मात्र जांभळा! हा माझा सगळ्यात आवडता.

वड्या मी सहा आठवडे हवेशीर फळीवर ठेवते. मग ओलं बोट वडीवर फिरवून जिभेच्या टोकाला लावते. चुणचुणलं, झटका बसल्यासारखं झालं, की तो घाणा बाद. मग आधी आठवडाभर मीच वापरते. आमच्या बोअरच्या जड पाण्यातही खोबरेलाचा फेस छान होतो. ‘विकत का नाही देत?’ असं बायका विचारतात. तर सौंदर्यप्रसाधनांचे 2020चे नियम आहेत, त्यांप्रमाणे विकण्यासाठी अंगाचा साबण करायचा तर परवाना लागतो. पाठ लाल झालेली पोर आठवली, की तो नियम मला जाचक वाटत नाही.

गेल्या दिवाळीत वन्सं आल्या होत्या. भाचीने फळीवरची जांभळी वडी उचलली आणि ‘मामी, ही मला’ म्हणाली. वन्संनी ती तिच्या हातातून घेतली, मोरीत जाऊन आधी स्वतःचे हात कोपरापर्यंत धुतले आणि पाच मिनिटं तशाच उभ्या राहिल्या. मी काही बोलले नाही. मग त्यांनी वडी पुसून कागदात गुंडाळली आणि पिशवीत टाकली.