अध्यादेश : अपवाद की राज्यपद्धती?

संसदीय लोकशाहीत कायदा कोणी करावा, या प्रश्नाचे उत्तर शालेय नागरिकशास्त्राच्या पुस्तकातही सापडते. कायदा विधिमंडळाने करावा, शासनाने तो अमलात आणावा आणि न्यायालयाने त्याचा अर्थ लावावा, ही ती सर्वपरिचित विभागणी होय. भारतीय राज्यघटनेने मात्र या विभागणीला एक महत्त्वाचा अपवाद ठेवला आहे. संसदेच्या दोन्ही सभागृहांचे अधिवेशन चालू असेल तो काळ वगळता, तातडीची कारवाई आवश्यक आहे अशी खात्री झाल्यास राष्ट्रपतींना १२३ व्या कलमान्वये अध्यादेश काढता येतो. राज्यांच्या बाबतीत २१३ व्या कलमाने असाच अधिकार राज्यपालांना दिला आहे. राष्ट्रपती आणि राज्यपाल या बाबतीत मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात; म्हणजे व्यवहारात हा अधिकार मंत्रिमंडळाचाच ठरतो. अध्यादेशाचे बळ कायद्याइतकेच असते. त्याने कर बसू शकतो, मालमत्ता ताब्यात घेतली जाऊ शकते आणि माणूस तुरुंगातही जाऊ शकतो.

या अधिकाराला घटनेने जी मर्यादा घातली आहे तीच त्याचा प्राण आहे. विधिमंडळाची बैठक पुन्हा सुरू होताच अध्यादेश त्याच्यापुढे ठेवला पाहिजे आणि बैठक सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही तर तो आपोआप संपतो. दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून अधिक अंतर असता कामा नये, असाही घटनेचा दंडक आहे. त्यामुळे अध्यादेशाचे आयुष्य फार तर साडेसात महिन्यांचे. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर अध्यादेश ही विधिमंडळाच्या खात्यावर शासनाने घेतलेली अल्पमुदतीची उचल आहे. उचल घेण्यात वावगे काही नाही. ती मुदतीत फेडली जाते की नाही, एवढाच प्रश्न असतो.

परकीय राजवटीचा वारसा

हा अधिकार लोकशाहीच्या पोटी जन्मलेला नाही. १८६१ च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टने गव्हर्नर जनरलला आणीबाणीच्या प्रसंगी सहा महिन्यांपर्यंत टिकणारे अध्यादेश काढण्याची मुभा दिली. ज्यांच्यावर राज्य करावयाचे त्यांना विचारण्याची गरज नाही, या परकीय सत्तेच्या मूळ भूमिकेशी ही तरतूद सुसंगतच होती. तिचा सर्वांत जळजळीत वापर १९३० साली झाला. लाहोर कटाच्या खटल्यासाठी लॉर्ड आयर्विन यांनी मे महिन्यात अध्यादेश काढून खास न्यायाधिकरण नेमले आणि त्याच्या निकालावर उच्च न्यायालयात अपील करण्याची वाटच बंद केली. भगतसिंग, सुखदेव आणि पुणे जिल्ह्यातील खेडचे राजगुरू यांना फाशीची शिक्षा सुनावली ती या न्यायाधिकरणाने. मध्यवर्ती विधिमंडळाची संमती त्या अध्यादेशाला कधीच मिळाली नाही.

स्वातंत्र्यानंतर हा अधिकार ठेवावा की नाही, याची घटना समितीत मे १९४९ मध्ये चर्चा झाली. मुंबईचे अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शहा यांना ही तरतूद कायद्याच्या राज्याशी विसंगत वाटत होती. पं. हृदयनाथ कुंझरू यांचा आग्रह अध्यादेशाचे आयुष्य अधिक आखूड करावे असा होता. डॉ. आंबेडकर यांनी तरतुदीचे समर्थन केले. विधिमंडळ भरलेले नसताना अचानक एखादी परिस्थिती उद्भवली आणि प्रचलित कायदा तिला अपुरा पडला तर शासनाने हात बांधून बसावे काय, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. त्यात तथ्य होते. १९३५ च्या कायद्यातील सहा आठवड्यांची अटही समितीने कायम ठेवली. अधिकार गोऱ्या साहेबाकडून निघून जनतेला जबाबदार असलेल्या मंत्रिमंडळाकडे येत होता. तेव्हा त्याचा गैरवापर होणार नाही, हा विश्वास त्यामागे होता.

हा विश्वास कितपत टिकला? लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांना १९५० पासूनच त्याबद्दल शंका वाटू लागली होती. ऊठसूट अध्यादेश काढणे लोकशाहीला पोषक नाही, त्यातून अनिष्ट पायंडे पडतील, असे त्यांनी पंतप्रधान नेहरूंना त्या वर्षी आणि पुन्हा १९५४ साली लिहून कळविले. संसदीय कामकाजाला वेळ लागतो, ही नेहरूंची अडचणही खरी होती. तथापि सभागृहाला वेळ लागतो हे अध्यादेशाचे कारण होऊ शकत नाही. कायद्याला वेळ लागावा, निरनिराळ्या मतांच्या लोकांनी तो तपासावा, यासाठीच तर सभागृह असते.

तातडी कशाला म्हणावे?

शनिवार, १९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण अध्यादेशाने झाले. संसदेचे अधिवेशन सोमवारी, २१ जुलैला सुरू व्हावयाचे होते. राष्ट्रीयीकरणाच्या धोरणाविषयी मतभेद असू शकतात; देशातील असंख्य लोकांनी त्याचे स्वागतच केले. परंतु दोन दिवस थांबणे अशक्य होते काय, हा प्रश्न धोरणापासून वेगळा आहे आणि तो आजही विचारण्याजोगा आहे. १९७५ साली अडतिसाव्या घटनादुरुस्तीने राष्ट्रपतींची खात्री अंतिम ठरवून हा प्रश्न न्यायालयात विचारण्याची सोयच काढून घेतली. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने ती तरतूद रद्द केली, हे बरेच झाले.

खऱ्या तातडीचे उदाहरण नाही असे नव्हे. २३ मार्च २०२० रोजी साथीमुळे संसदेचे अधिवेशन आटोपते घ्यावे लागले. त्यानंतर कर भरण्याच्या मुदती वाढविणारा आणि डॉक्टर व परिचारिकांवर हल्ले करणाऱ्यांना कडक शिक्षा ठरविणारा, असे जे अध्यादेश निघाले ते डॉ. आंबेडकरांच्या कसोटीला उतरणारेच होते. त्याच काळात, ५ जून २०२० रोजी, शेतमालाच्या व्यापारात दूरगामी बदल करणारे तीन अध्यादेश काढण्यात आले. त्या बदलांच्या बाजूने अर्थशास्त्रीय युक्तिवाद करता येत होता, तसा विरुद्धही करता येत होता. नेमक्या अशाच प्रश्नावर आधी समितीत आणि सभागृहात सविस्तर चर्चा व्हावयास हवी होती. सप्टेंबरमध्ये त्यांचे कायदे झाले आणि प्रदीर्घ आंदोलनानंतर २०२१ च्या अखेरीस ते कायदे मागे घेण्यात आले. चर्चेचा वेळ वाचवून शेवटी काय साधले, असा प्रश्न दोन्ही बाजूंच्या लोकांना पडावा.

बिहारचे अध्यादेश आणि पुण्याचे संशोधन

अध्यादेश घाईने काढणे हा पहिला दोष झाला. त्याहून गंभीर दोष म्हणजे त्याची मुदत संपू लागताच तोच मजकूर नव्या तारखेने पुन्हा काढणे. जुने कर्ज न फेडता त्याच रकमेचा नवा कागद करावा आणि खाते नियमित असल्याचे दाखवावे, तसा हा प्रकार. बिहारमध्ये त्याची रीतसर पद्धतच पडून गेली होती, हे उजेडात आणले ते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी. राजपत्रांचे अंक चाळून त्यांनी जो तपशील गोळा केला तो १९८३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. १९६७ ते १९८१ या काळात बिहारच्या राज्यपालांनी काढलेले २५६ अध्यादेश एक ते चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवण्यात आले होते. अधिवेशन संपले की एकेका दिवशी पन्नासच्या आसपास अध्यादेश पुन्हा जारी होत. अध्यादेश मूळ स्वरूपातच पुन्हा काढावयाचा असेल तर मंत्रिमंडळाच्या मान्यतेची गरज नाही, असे सरकारी परिपत्रकच होते. म्हणजे विधिमंडळ तर दूरच राहिले, मंत्र्यांनीही त्या कागदाकडे पाहण्याचे कारण उरले नव्हते. कायदा करण्याचे काम सचिवालयातील कारकुनी नित्यक्रमात जमा झाले होते.

प्रा. वाधवा सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्यासोबत बिहारमधील एक रयत, एक विद्यार्थी आणि एक व्यावसायिक असे अर्जदार होते. जंगलातील मालाचा व्यापार, इंटरमीजिएटचे शिक्षण आणि विटांचा पुरवठा या विषयांवरील अध्यादेशांची त्यांना प्रत्यक्ष झळ लागत होती. राज्य सरकारचा एक आक्षेप असा, की पुण्याच्या प्राध्यापकाला बिहारच्या अध्यादेशांशी कर्तव्य काय? न्यायालयाने तो मानला नाही. आपल्यावर चालणारे कायदे घटनेप्रमाणे झालेले असावेत, हा आग्रह धरण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, असे सरन्यायाधीश भगवती यांच्या घटनापीठाने डिसेंबर १९८६ मध्ये स्पष्ट केले आणि सरसकट पुनःपुन्हा अध्यादेश काढणे ही घटनेची फसवणूक ठरविली. मात्र अधिवेशनात कामाचा अतिरिक्त भार असल्यास अपवाद करता येईल, अशी फट त्या निकालात राहून गेली.

शिक्षकांच्या वाट्याला काय आले?

घटनेच्या तत्त्वांची चर्चा सामान्य माणसाला दूरची वाटते. ती किती जवळची आहे हे बिहारमधीलच दुसऱ्या एका प्रकरणावरून दिसते. डिसेंबर १९८९ मध्ये त्या राज्याने अध्यादेश काढून ४२९ खाजगी संस्कृत शाळा ताब्यात घेतल्या. वरील निकाल लागून तीन वर्षे झाली होती. तरीही एकामागून एक अध्यादेश निघत राहिले. त्यांतील एकही विधिमंडळापुढे ठेवला गेला नाही आणि कायदा तर झालाच नाही. ३० एप्रिल १९९२ रोजी शेवटचा अध्यादेश संपला आणि आपण सरकारी नोकर झालो असे समजून चाललेले शिक्षक पुन्हा होते तेथे आले. त्यांच्या हक्काचा प्रश्न न्यायालयात पंचवीस वर्षे फिरत राहिला. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांत १९९८ साली मतभेद झाला आणि अखेर सात न्यायाधीशांच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी निकाल दिला. अध्यादेश पुन्हा काढणे ही घटनेची फसवणूक आहे. तो विधिमंडळापुढे ठेवणे बंधनकारक आहे. आणि अशा अध्यादेशांतून कायमचे हक्क उत्पन्न होत नाहीत, असे बहुमताने ठरले. त्या काळात दिले गेलेले पगार परत घेऊ नयेत, एवढाच दिलासा शिक्षकांना मिळाला.

तत्त्व म्हणून हा निकाल अचूक आहे. पण त्याची किंमत कोणी मोजली? ज्यांनी अध्यादेश काढले त्यांचे काही बिघडले नाही. शासनाच्या शब्दावर विश्वासून ज्यांनी आपल्या आयुष्याची आखणी केली, त्यांची चाळिशी-पन्नाशी अनिश्चिततेत गेली. सभागृहात मंजूर झालेला कायदाही बदलता येतो. परंतु तो बदलण्यासाठी पुन्हा सभागृहातच यावे लागते, कारण द्यावे लागते, विरोध ऐकावा लागतो. अध्यादेशाने दिलेले मात्र केवळ गप्प राहून काढून घेता येते.

निकालांनी पद्धत आपोआप बदलत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. भूसंपादनाचा अध्यादेश डिसेंबर २०१४ नंतर एप्रिल आणि मे २०१५ असा दोनदा पुन्हा निघाला. एप्रिलमध्ये तो काढता यावा म्हणून राज्यसभेचे अधिवेशन संस्थगित करण्यात आले. २०१७ च्या निकालानंतरही राजधानी परिसरातील हवेच्या गुणवत्तेविषयीचा अध्यादेश मार्च २०२१ मध्ये संपला आणि एप्रिलमध्ये पुन्हा आला. दोष एका पक्षाचा नाही. सत्तेवर असताना प्रत्येकाला हा अधिकार सोयीचा वाटतो आणि विरोधात गेल्यावर त्यातील धोका दिसू लागतो.

शेजारच्या पाकिस्तानालाही ब्रिटिशांकडून हाच वारसा मिळाला. तेथील घटनेत २०१० साली झालेल्या दुरुस्तीने राष्ट्रपतींच्या अध्यादेशाची १२० दिवसांची मुदत एकदाच आणि तीही सभागृहाच्या ठरावाने वाढविता येईल, असे बंधन घातले. तेथील लोकशाहीची अवस्था काहीही असो, नियम अनुकरणीय आहे. मुदतवाढ ज्याच्या अधिकाराची उचल घेतली आहे त्यानेच द्यावी, हे तत्त्व त्यात आहे.

आपल्याकडे निदान तीन गोष्टी घडावयास हव्यात. अध्यादेश पुन्हा काढण्यावरील बंदी केवळ निकालात न राहता घटनेच्या शब्दांत यावी. अध्यादेश का काढावा लागला याचे निवेदन विधेयकासोबत ठेवण्याचा लोकसभेचा नियम आहे; त्या निवेदनावर स्वतंत्र चर्चा व्हावी. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे विधिमंडळांची अधिवेशने पुरेशी लांब असावीत. ती चार दिवसांत गुंडाळली जाऊ लागली की उरलेले वर्ष अध्यादेशांना मोकळे मिळते. या तीनही गोष्टी सत्ताधाऱ्यांच्या गैरसोयीच्या असल्याने आपण होऊन होणार नाहीत. पुण्यातील एका प्राध्यापकाने पाटण्याची राजपत्रे वाचली म्हणून निदान प्रश्न तरी उभा राहिला. राजपत्रे आजही निघतात; ती वाचणारे नागरिक किती आहेत, यावर पुढचे बरेच काही अवलंबून आहे.