छोट्या रेल्वेमागचे आकाश : कापड, फळी आणि रंग यांचा हिशेब

कापडाच्या धंद्यात एक जुना रिवाज आहे. कात्री लागली की माल परत नाही. हा रिवाज मीही वर्षानुवर्षे पाळला. पण २०१६ साली एका गिऱ्हाइकाने माझ्या काउंटरवर एक गुंडाळी आणून टाकली आणि हा रिवाज प्रत्येक वेळी न्यायाचा असतोच असे नाही, हे मला कळले.

हे गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले होते. घरच्या एका खोलीत ते बोरघाटाची छोटी प्रतिकृती उभी करत होते. १८६३ साली सुरू झालेला हा घाट, त्यातले बोगदे, पूल आणि वर चढणारी गाडी, असा सगळा देखावा टेबलावर मांडायचा होता. मागच्या भिंतीला २४ फूट लांब आणि ३ फूट उंच रंगवलेले आकाश हवे होते. त्यांनी माझ्याकडे "जाडसर, पांढरट, सुती कापड" मागितले. मी लूमवरून आलेला कोरा मांजरपाट दाखवला. खळ भरपूर होती, हाताला कडक लागत होता. त्यांना आवडला. कशासाठी पाहिजे, हे मी विचारलेच नाही.

पंधरा दिवसांनी ते परत आले. सुताराने ते कापड पातळ रिपांच्या चौकटीवर चुकांनी ठोकले होते. रंगाऱ्याने त्यावर पाण्यातला रंग लावला. ओले होताच कापड आक्रसले, रिपा मधे वाकल्या, एका कोपऱ्याचा जोड उघडला. वाळल्यावर प्रत्येक चुकेपासून सुरकुती निघाली. काही ठिकाणी रंग धरलाच नाही, काही ठिकाणी तेलकट डाग उमटले. गृहस्थ रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "शेठ, आभाळच फाटलं, आता ठिगळ कुठं लावू?"

मी रिवाज सांगितला. ते गुपचूप निघाले. त्यांच्या मागे रंगारी उभा होता. उमेदीच्या वर्षांत त्याने सिनेमाची पोस्टरे रंगवली होती, फ्लेक्स आल्यावर ते काम गेले होते. तो म्हणाला, "सेठ, चार दिवसांची मजुरी गेली. रंगात खोट असती तर मी भरून दिली असती. पण खोट कापडात होती." याला माझ्याकडे जवाब नव्हता. मी दोघांना थांबवले, दुसरे कापड दिले, उस्तादांची चार दिवसांची मजुरी दिली आणि काम पुन्हा होताना स्वतः जाऊन पाहिले. त्यातून जे शिकलो ते इथे सांगतो. हे काम सुतार, रंगारी आणि कापडवाला या तिघांचे आहे. तिघांपैकी एक चुकला तर बाकी दोघांची मेहनत मातीत जाते.

आकाश लागते कशाला?

छोट्या रेल्वेत सर्वात जास्त चालणारे माप म्हणजे ८७ ला १, ज्याला शौकीन लोक एच-ओ म्हणतात. यात रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर असते. आपल्याकडचा जुन्या पद्धतीचा निळा प्रवासी डबा सुमारे २१.३ मीटर लांब असतो. तो या मापात साधारण साडेचोवीस सेंटिमीटरचा होतो. आता हिशेब करा. २४ फुटांचे टेबल म्हणजे खऱ्या जगातले जेमतेम ६३६ मीटर. टेबलाची रुंदी दोन फूट असेल, तर खोली फक्त ५३ मीटर. एवढ्या जागेत सह्याद्री कसा मावणार? ते काम मागचे आकाश करते. भिंत नाहीशी होते आणि नजर दूर जाते. पुण्यात कोथरूडला १९९८ साली लोकांसाठी उघडलेले जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या मापाची कल्पना असेल.

पडदे रंगवणे आपल्या मुलखाला नवे नाही. कोल्हापूरचे बाबुराव पेंटर सिनेमात येण्याआधी नाटकाचे पडदे रंगवत होते. फरक इतकाच की नाटकाचा पडदा लांबून पाहतात आणि छोट्या रेल्वेचे आकाश दोन-तीन फुटांवरून. म्हणून इथे कापडाची गाठ, जोड किंवा सुरकुती काहीच लपत नाही.

कापड कसे निवडावे?

साधी वीण, घट्ट, पूर्ण सुती आणि गाठी नसलेले कापड घ्यावे. टेरीकॉट देऊ नये, ते पाणी आणि चिकट नीट पीत नाही. कापड आडवे लावावे, म्हणजे ताग्याची लांबी भिंतीच्या लांबीत जाईल. उंची ३ फूट, वर-खाली दोन-दोन इंच दुमडायला, म्हणजे ४० इंच लागतात. ४८ इंच पन्हा घेतला की धुतल्यावरही पुरतो. २४ फूट म्हणजे ८ वार, पण ९ वार द्यावे. उभा जोड कधीही येऊ देऊ नये, कारण आकाशात उभी रेघ नसते. आडवा जोड घ्यावाच लागला तर तो डोंगराच्या रेघेखाली लपवावा.

आता माझी चूक. लूमवर ताणा तुटू नये म्हणून सुताला खळ लावतात. तिच्यात स्टार्च असतो, आणि मऊपणासाठी चरबी किंवा मेणही घालतात. या चिकटपणावर पाण्याचा रंग बसत नाही. शिवाय विणताना ताणा ओढलेला असतो. कापड प्रथम भिजले की तो ताण सुटतो आणि कापड आत येते. कोऱ्या सुती कापडात शंभराला पाच इतके आक्रसणे काही विशेष नाही. २४ फुटांवर ते सव्वा फुटाच्या आसपास जाते. पातळ रिपा एवढा ओढा कशा सोसणार?

उपाय सोपा आहे. कापड रात्रभर कोमट पाण्यात भिजवावे. सकाळी धुण्याच्या सोड्यात उकळून दोनदा खळबळून काढावे, सावलीत वाळवावे, इस्त्री करावी. खळ गेली की नाही हे पाहायला कापडाच्या तुकड्यावर टिंक्चर आयोडिनचा थेंब टाकावा. थेंब तपकिरी राहिला तर कापड साफ. निळा-काळा झाला तर खळ बाकी आहे, पुन्हा धुवावे. साध्या पाण्याचा थेंबही टाकून पाहावा. तो लगेच शोषला गेला पाहिजे, मोत्यासारखा वर उभा राहिला तर चरबी शिल्लक आहे.

सुताराचे काम

नुसते चौकटीवर ताणलेले कापड पंख्याच्या वाऱ्याने हलते, आणि हलणारे आकाश कोणी खरे मानत नाही. म्हणून दुसऱ्या वेळी ३ मिलिमीटरच्या हार्डबोर्डवर कापड चिकटवले. हार्डबोर्ड ८ बाय ४ फुटांचा मिळतो. तो ३ फूट उंचीचा कापला की २४ फुटांना तीन पुरतात.

हार्डबोर्ड दमट हवेत फुगतो. कोरड्या दिवसांत ठोकलेली फळी पावसाळ्यात पोट काढते. म्हणून लावण्याआधी खरखरीत बाजूला ब्रशने पाणी मारून, फळ्या खरखरीत बाजू एकमेकांना लावून, सपाट जागी वजनाखाली एक-दोन दिवस ठेवाव्यात. फुगायचे ते आधीच फुगते. मग लावलेली फळी वाळताना ताणूनच बसते.

भिंतीवर दर दीड फुटाला उभी रीप, पाण्याची नळी धरून वरची पातळी एकसारखी. फळी आणि भिंत यांत इंचभर हवा खेळू द्यावी, भिंतीची ओल फळीत उतरत नाही. दोन फळ्यांच्या जोडामागे चार इंची प्लायची पट्टी चिकटवून स्क्रू मारावेत आणि स्क्रूची डोकी आत बसवून लांबी भरावी.

कोपरा काटकोनात कधीच करू नये. दोन भिंतींवर उजेड वेगळा पडतो आणि मधली रेघ लगेच दिसते. फळी गोल वळवून न्यावी, गोलाईची त्रिज्या किमान दीड फूट. मागे प्लायच्या गोल कापलेल्या फासळ्या द्याव्यात. गुळगुळीत बाजू आपल्याकडे.

तीनही फळ्या भिंतीवर पक्क्या झाल्यावरच कापड लावावे, म्हणजे जोड कापडाखाली जातात. फेविकॉलमध्ये निम्मे पाणी घालून फळीवर लावावे. मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे जावे आणि कापडाच्या बोळ्याने हवा बाहेर दाबावी. वाळल्यावर पांढऱ्या प्रायमरचे दोन हात, प्रत्येक हातानंतर बारीक पॉलिश पेपर.

रंगाऱ्याचे काम

डोक्यावरचे आकाश गडद आणि क्षितिजाजवळचे फिके का दिसते? सूर्याच्या उजेडातला निळा रंग हवेत जास्त पसरतो, म्हणून आकाश निळे दिसते. वर पाहतो तेव्हा मधे हवा कमी असते. क्षितिजाकडे पाहतो तेव्हा हवा, धूळ आणि बाष्प यांचा लांब थर मधे येतो आणि रंग पांढरट होतो. हे एक कारण समजले की अर्धे काम झाले.

रंग चकाकी नसलेला प्लॅस्टिक इमल्शन घ्यावा. चकाकीवर दिवा उमटतो. ७२ चौरस फुटांना दोन हात धरून दोन लिटर पुरतो. तीन डबे करावेत : वरचा निळा, मधला फिका, खालचा जवळजवळ पांढरा. बाजारातला निळा फार कोरा असतो, त्यात किंचित तपकिरी टाकून तो मारावा. खालच्या पांढऱ्यात पिवळ्याचा एखादा थेंब. सगळा रंग एकदाच कालवावा, अर्ध्यावर संपला तर तोच रंग पुन्हा जमत नाही.

इमल्शन वाळल्यावर थोडा गडद होतो. म्हणून उरलेल्या कापडावर नमुना लावून दुसऱ्या दिवशी, आणि त्याच खोलीतल्या दिव्याखाली पाहावा. साडीचा रंग पाहायला बायका ती दुकानाच्या दारात का नेतात, हे आपण जाणतोच. पिवळ्या दिव्याखाली निळा मळकट दिसतो.

लावताना पंखा बंद, खिडक्या बंद, दोन माणसे. एकाने रंग लावत जावे, दुसऱ्याने चार इंची ब्रशने ओल्यातच आडवे लांब हात फिरवून दोन छटा मिळवाव्यात. एकदा सुरू केले की टोकापर्यंत थांबू नये. मधे चहा घेतला तर तिथे पट्टा दिसतो.

सर्वात फिकी छटा पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर यावी, कारण क्षितिज नेहमी तिथेच असते. दूरचे डोंगर फिके आणि निळसर, जवळचे हिरवे आणि थोडे गडद. सह्याद्रीचे माथे सपाट आणि थर आडवे असतात, टोकदार हिमालय काढू नये. ढग स्पंजने उमटवावेत. ढगांचे बूड सपाट असते, वरचे ढग मोठे, क्षितिजाजवळचे लहान आणि दाट. टेबलावर श्रावणातली हिरवळ असेल तर वर वैशाखाचे आकाश चालणार नाही.

मांडणी

आकाश आधी, रूळ नंतर. रूळ टाकल्यावर वाकून रंगवायला गेले तर दोन्ही बिघडतात. रूळ आणि घरे आकाशापासून किमान सहा इंच पुढे ठेवावीत, नाहीतर इंजिनाची सावली आभाळावर पडते. दिवे समोरून आणि वरून असावेत, आणि ढगांवरचा उजेडही त्याच बाजूचा रंगवावा. वरची कड झालरीमागे, खालची कड झुडपे आणि बांधामागे लपवावी.

काम पुरे झाल्यावर गृहस्थांनी गाडी सोडली. मी उस्तादांना म्हणालो, "आकाश फार छान झाले." ते म्हणाले, "सेठ, आकाश दिसले म्हणजे काम बिघडले. गाडी दिसली पाहिजे." मी पुन्हा पाहिले तेव्हा गाडी बोगद्यातून निघून घाट चढत होती आणि मागे भिंत आहे हे मी खरोखरच विसरलो होतो.

या कामाला गिऱ्हाईक आहे. रेल्वेचे शौकीन, शाळांची प्रदर्शने, फोटो स्टुडिओ, दुकानांच्या काचेमागचे देखावे, सगळीकडे हीच पद्धत चालते. फ्लेक्स स्वस्त पडतो, पण बहुतेक वेळा त्याची चकाकी दिव्याखाली चुगली करते. म्हणून ज्यांच्या हातात ब्रशचे हुनर अजून आहे त्यांनी ते टाकू नये. फक्त बिलात कापड, लाकूड, रंग आणि मजुरी वेगवेगळी लिहावी, म्हणजे कुणाची जबाबदारी कुठे संपते हे आधीच ठरते.

आणि कापडवाल्या बांधवांसाठी शेवटची गोष्ट. कात्रीचा रिवाज मी सोडलेला नाही. पण कात्री उचलण्याआधी आता मी विचारतो, "साहेब, कापड कशासाठी हवे?" या एका सवालाला पैसा लागत नाही. २०१६ साली तो न विचारल्यामुळे मला नऊ वार कापड आणि चार दिवसांची मजुरी भरावी लागली. ते गृहस्थ मात्र आजही माझेच गिऱ्हाईक आहेत.