अठरा वर्षांचा वडीलधारा

मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं २०२४ च्या जानेवारीत न्यू जर्सीला गेलो होतो. एके दिवशी रात्रभर बर्फ पडला. सकाळी जावई फावडं घेऊन गाडीपुढचा बर्फ उपसायला उतरला, आणि पाचच मिनिटांत त्याच्या मदतीला दोन अनोळखी पोरं हजर झाली. काळे ओव्हरकोट, पांढरे शर्ट, टाय. छातीवर काळा बिल्ला, त्यावर आडनाव आणि आडनावाआधी ‘एल्डर’. एल्डर म्हणजे वडीलधारा. त्यातल्या धाकट्याला धड मिसरूडही फुटलेलं नव्हतं.

बर्फ उपसून झाल्यावर हिने त्यांना घरात बोलावलं. ‘‘लेकरं गारठली असतील,’’ म्हणत तिने चहाचं आधण ठेवलं, तर ती म्हणाली, आम्हाला चहा चालत नाही. कॉफी? तीही नाही. दारू-तंबाखूचा तर प्रश्नच नव्हता. मराठी घरात आलेल्या पाहुण्याला चहा चालत नाही म्हटल्यावर यजमाणीची जी अवस्था होते ती हिची झाली. शेवटी हळदीचं दूध निघालं. मोठ्याने ते नम्रपणे संपवलं. धाकट्याने आणखी मागितलं.

ही मॉर्मन पंथाची मिशनरी मुलं. जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणाने १८३० साली न्यू यॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला. सोन्याच्या पत्र्यांवर कोरलेला ग्रंथ आपल्याला देवदूताने दाखवला, असं तो सांगे. पुढे जमावाने त्याला मारलं आणि १८४७ मध्ये ब्रिगहॅम यंगच्या मागोमाग त्याचे अनुयायी युटाच्या ओसाड खोऱ्यात जाऊन वसले. आपल्याकडे मॉर्मन म्हटलं की लोकांना चार बायका आठवतात, पण बहुपत्नीत्व पंथाने १८९० मध्येच अधिकृतपणे सोडलं. आठवायचीच तर ही पोरं आठवावीत. जगभर आज अशी सत्तर हजारांहून जास्त तरुण मुलंमुली फिरत असतात. मुलगे दोन वर्षं, मुली दीड वर्ष. मुलग्यांना पूर्वी एकोणीस पूर्ण व्हावी लागत, २०१२ पासून अठरा पुरतात. कुठे जायचं ते मुख्यालय ठरवतं. आपल्याला टोकियो मिळणार की टेक्सास, हे पत्र येईपर्यंत कळत नाही.

बँकेत बत्तीस वर्षं काढल्यामुळे माझा पहिला प्रश्न पैशांचा होता. पगार किती? दोघं हसली. पगार नाहीच, उलट खर्च घरच्यांनी भरायचा. पूर्वी ज्या देशात पोरगा गेला तिथल्या महागाईप्रमाणे बापाला भुर्दंड पडे. १९९० नंतर सगळ्यांची सरासरी काढून एकच रक्कम ठरवली गेली. अमेरिकेतल्या कुटुंबासाठी ती २०२० मध्ये महिन्याला ४०० वरून ५०० डॉलर झाली. म्हणजे दोन वर्षांचे बारा हजार डॉलर, शिवाय उत्पन्नाचा दहावा हिस्सा पंथाला द्यायचा तो वेगळाच. धाकट्याचे वडील आयडाहोत शेती करत. घरात पाच भावंडं. त्याने लहानपणापासून उन्हाळ्यात मजुरी करून यासाठी पैसे साठवले होते. मनातल्या मनात मी त्याचं आवर्त ठेवीचं खातं उघडलं!

पुढचे पाच आठवडे ती पोरं अधूनमधून येत राहिली. बर्फ नसतानाही. त्यातून त्यांच्या आठवड्याचा नकाशा माझ्या मनात तयार झाला.

सकाळी साडेसहाला उठायचं. व्यायाम, न्याहारी, मग धर्मग्रंथाचा अभ्यास, आधी एकट्याने आणि नंतर जोडीने. मग बाहेर पडायचं ते रात्री नवापर्यंत. साडेदहाला दिवे बंद. या चाकोरीत अलीकडे थोडी ढिलाई आली आहे, पण थोडीच. सिनेमा नाही, मैत्रीण नाही. आणि मुख्य म्हणजे एकटेपणा नाही. जोडीदाराच्या नजरेबाहेर जायचं नाही असा नियमच आहे. न्हाणीघर सोडलं तर दोन वर्षं कुणीतरी सोबत असतंच, आणि तो सोबती तुम्ही निवडलेला नसतो. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्यांचा हुकूम निघतो. आमच्या वेळी बदली तीन वर्षांनी होई, तरी आम्ही रडायचो.

सोमवार हा तयारीचा दिवस. कपडे धुवायचे, बाजारहाट करायचा, केस कापायचे आणि घरी बोलायचं. हे घरी बोलणं नवं आहे. पूर्वी वर्षातून दोनदाच फोन करता येई, नाताळात आणि मातृदिनाला. एरवी पत्रं, आणि नंतर ईमेल. २०१९ पासून दर आठवड्याला व्हिडिओवर घरच्यांना पाहता येतं. मला वाटलं, केवढी सोय झाली! धाकटा म्हणाला, ‘‘आईला पत्रात चेहरा दिसत नव्हता, ते एका परीनं बरं होतं.’’ सोमवारी फोनआधी तो आरशासमोर उभा राहून हसण्याची तालीम करी. हे मला त्याच्या जोडीदाराने सांगितलं, तो मोजे चढवत असताना, हळू आवाजात.

मंगळवार ते शनिवार म्हणजे दारं. हल्ली फेसबुकवरूनही माणसं गाठतात, पण दारं सुटलेली नाहीत. काही दारं उघडत नाहीत, काही उघडून बंद होतात, कुणी कुत्रं सोडीन म्हणतं. एका शनिवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाही घरात पाऊल पडलं नव्हतं आणि ती दोघं आमच्याकडे नुसती बसायला आली. हिने पोहे केले. त्या दिवशी धर्माचा विषय कुणीच काढला नाही.

एरवी काढत असत, हे प्रांजळपणे सांगायला हवं. ग्रंथ त्यांनी मला दिला. साठेक पानांपलीकडे माझं घोडं गेलं नाही. मी त्यांना वारीबद्दल सांगितलं, तर मोठा दर वाक्यावर मान डोलवून पुन्हा आपल्या मुद्द्यावर यायचा. धाकटा मात्र विचारायचा, वारकरी दारं ठोठावतात का? नाही म्हटल्यावर तो थोडा वेळ गप्प झाला. आपल्याकडे मिशनरी हा शब्द उच्चारला की भुवया वर जातात, आणि त्याला कारणंही आहेत. पण इथे जन्म काढायला आलेले, मराठी शिकून मराठीत लिहिणारे पाद्रीही आपण पाहिले. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण तर १६१६ सालचं. या पोरांकडे ना ती विद्वत्ता, ना तेवढा काळ. असते ती पाठ केलेली खात्री. अठराव्या वर्षी माणसाची खात्री अशी वापरावी का, हा माझा जावयाशी रोजचा वाद. जावई म्हणे, सैन्यात भरती होतात ती मुलंही अठराचीच असतात.

रविवारी दोन तासांची प्रार्थनासभा. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास, सलग दोन जेवणं सोडायची आणि त्यांचे पैसे गरिबांसाठी द्यायचे. आमच्या साबुदाण्याच्या एकादशीपेक्षा हा उपास मला जास्त पटला.

गॉर्डन हिंकली या त्यांच्या धर्माध्यक्षाची गोष्ट मोठ्याने मला दोनदा सांगितली. १९३३ साली हिंकली मिशनरी म्हणून इंग्लंडमधल्या प्रेस्टनला गेले. दारोदार अपमान. त्यांनी वडिलांना लिहिलं, माझा वेळ आणि तुमचा पैसा दोन्ही फुकट चाललंय. वडिलांनी ओळीभराचं उत्तर धाडलं, स्वतःला विसर आणि कामाला लाग. ते लागले, आणि १९९५ मध्ये पंथाचे सर्वोच्च प्रमुख झाले. मोठा ही गोष्ट सांगताना धाकट्याकडे बघत होता. मी मात्र अशीच उत्तरं आलेल्या आणि पुढे कुणीच न झालेल्या पोरांचा विचार करत होतो.

कारण मीही दारं ठोठावली आहेत. १९८३ साली मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी पहिली नेमणूक, वय तेवीस. ठेवी गोळा करण्याचा पंधरवडा आला की शबनममध्ये फॉर्म कोंबून घरोघर जायचं. एका वाड्यात म्हातारबुवांनी मला ओटीवर बसू दिलं, पाणी दिलं, आणि सगळं ऐकून म्हणाले, ‘‘पोरा, तुझ्या बापाने तुला शिकवलं ते यासाठी?’’ रात्री लॉजवर बसून मी वडिलांना लिहिलं, इकडे सर्व ठीक आहे.

ही हकिगत मी त्या पोरांना सांगितली, पण थट्टेच्या सुरात, हातवारे करून. मोठा खो खो हसला. धाकट्याने विचारलं, ‘‘दार वाजवण्याआधी तुम्हाला भीती वाटायची?’’

मी म्हटलं, ‘‘छे! दोन दिवसांत सवय झाली.’’

सवय झाली नव्हती. दुसऱ्या पंधरवड्यात मी तापाचं निमित्त करून चार दिवस लॉजवर पडून होतो. पण वडीलधाऱ्याने असंच सांगायचं असतं असं मला वाटलं. त्याने मान हलवली आणि बुटाच्या नाड्या बांधायला वाकला.

फेब्रुवारीच्या शेवटी बेल वाजली, तेव्हा मोठ्याबरोबर वेगळाच मुलगा होता, धिप्पाड, हसरा. मी विचारलं, बदली झाली का? मोठ्याने मान हलवली. म्हणाला, ‘‘घरी गेला.’’ मुदतीआधी परतणाऱ्यांकडे त्यांच्या समाजात कशा नजरेने पाहिलं जातं, ते त्यानेच पूर्वी मला सांगितलं होतं. आता अशा मुलांना घरी राहूनच समाजसेवेचं मिशन पुरं करायची सोय आहे, असंही तो घाईघाईने म्हणाला. ही आतून दूध गरम करू का विचारत होती. नव्याने नको म्हटलं.

धाकट्याचे लोकरी हातमोजे आमच्याकडे राहिले होते, पहिल्या दिवशी फावडं भिंतीला टेकवून ठेवताना काढलेले. मोठ्याच्या हाती द्यावेत म्हणून मी ते शोधले, पण सापडले ते तो गेल्यावर. मुलीने ते अजून गॅरेजमधल्या फळीवर ठेवले आहेत. पाठवायचे तर कुणाच्या नावाने? बिल्ल्यावर आडनाव होतं तेवढंच. त्याचं नाव काय, हे पाच आठवड्यांत मी एकदाही विचारलं नव्हतं.