टायर कुठून खाल्लाय?

एकलहऱ्याचं नाव काढलं की नाशिककरांच्या डोळ्यांपुढे औष्णिक वीज केंद्र उभं राहतं. पहिला संच १९७० सालचा. १४० मेगावॅटचे जुने दोन संच निवृत्त झाले, २१० मेगावॅटचे तीन उरले. त्यावर लिहून झालेलं आहे, पुढेही लिहिलं जाईल. संपादकांना हवं होतं दुसरंच. नाशिक रोडहून एकलहऱ्याकडे येणाऱ्या बाजूला, जिथून राखेचे बल्कर जातात, व्हील अलाइनमेंटचं एक दुकान आहे आणि तिथे म्हणे स्पोर्ट्स कार येतात. बल्करच्या रस्त्यावर स्पोर्ट्स कार कशाला येईल, असं मला वाटत होतं. गेलो तर दोन दरवाजांची एक बुटकी गाडी रॅम्पवर चढलेलीच होती.

यंत्र दिसायला साधं. समोर खांबावर कॅमेरे, चारही चाकांना क्लॅम्पने अडकवलेली टार्गेटं, पुढच्या चाकांखाली फिरत्या टर्न प्लेट. गाडी हातभर मागे-पुढे ढकलायची, म्हणजे रिम किंचित वाकडी असली किंवा क्लॅम्प तिरका बसला असला तरी संगणक तेवढं वजा करून घेतो. मग पडद्यावर आकडे येतात. लाल म्हणजे बिघडलेलं, हिरवं म्हणजे ठीक. बहुतेक गिऱ्हाइकं हिरवं दिसलं की पैसे देऊन निघतात.

इथले मिस्त्री मात्र आधी पडद्याकडे बघतच नाहीत. ते उकिडवे बसतात आणि टायरच्या नक्षीवरून तळवा फिरवतात, आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर दोष टोचा. आतली कड टक्कल पडल्यासारखी झाली, पण हाताला सपाट लागते, तर कॅम्बरवर संशय. बोटांनी निदान आधी. यंत्राने खात्री नंतर.

कॅम्बर म्हणजे समोरून बघताना चाक उभ्या रेषेपासून किती कललंय ते. माथा आत झुकला की उणे. टो म्हणजे वरून बघताना चाकांची तोंडं एकमेकांकडे वळलीत की फाकलीत. तिसरा कास्टर, म्हणजे स्टिअरिंग ज्या आसाभोवती फिरतं त्याचा मागे असलेला कल. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं ते मुख्यतः त्याच्यामुळे. टायर खाण्यात बदनाम कॅम्बर झालाय, पण खरा खादाड टो. चाक फक्त ०.२ अंश तिरकं असेल तर किलोमीटरमागे साडेतीन मीटर आडवं घासतं. दहा हजार किलोमीटरमध्ये ३५ किलोमीटर! म्हणजे नाशिकहून सिन्नर गाठून वर थोडं उरेल एवढं अंतर टायर नुसता फरफटला.

गाडीचा तरुण मालक कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर जाऊन आला होता. पुढच्या टायरची बाहेरची कड उडालेली, आतली नक्षी शाबूत. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला झुकते, त्यासोबत चाकही बाहेर कलतं आणि सगळा भार त्या कडेवर येतो. म्हणून ट्रॅकसाठी चाक आधीच आत झुकवून ठेवायचं: रस्त्यावर उणे अर्धा ते एक अंश चालतो, तिथे अडीच ते साडेतीन लावतात. १७ इंची रिमवर एक अंश म्हणजे वरच्या आणि खालच्या कडेत साडेसात मिलिमीटरचा फरक. ओळंबा धरूनही मोजता येतो. रेसच्या पॅडॉकमध्ये आजही चार स्टँडना दोरी ताणून टो बघणारे आहेत, आणि माझ्या मते ते यंत्रवाल्यांपेक्षा कमी शहाणे नाहीत.

मालकाला तीन अंश हवे होते. मिस्त्री म्हणाले, “दादा, कंपनीचा नंबर लावला तर टायर बाहेरून जाईल, तुमचा लावला तर आतून. कुठून घालवायचा ते तुम्ही सांगा.”

यात उत्तर देणारं साधन म्हणजे टायरमध्ये टोचायचा तापमापक. ट्रॅकवरून गाडी आत आली की लगेच आत, मध्ये, बाहेर अशा तीन जागी तापमान घ्यायचं. आतली बाजू पाच-दहा अंश सेल्सिअसने गरम असेल तर कॅम्बर बरोबर. त्याहून फार तापली तर जास्त झाला. हाव मोठ्यांनाही सुटते. २०११ च्या फॉर्म्युला वन बेल्जियन ग्रांप्रीत रेड बुलने टायर पुरवणाऱ्या पिरेलीच्या शिफारशीहून जास्त कॅम्बर लावला आणि पात्रता फेरीतच पुढच्या टायरांवर फोड आले. शर्यत तरीही रेड बुलच्याच व्हेटेलने जिंकली, त्यामुळे धडा कुणी घेतला असेल असं वाटत नाही. नाशिकला झालेल्या रॅली ऑफ महाराष्ट्रसारख्या मातीच्या शर्यतीत गणित आणखी वेगळं. सुट्या मातीवर गाडी डांबराइतकी झुकत नाही, कॅम्बर कमीच ठेवतात.

इकडे दुकानात काम सुरू झालं तशा अडचणी निघाल्या. मोजण्याआधी टायरमधली हवा सारखी केली, टाकी अर्धी असल्याचं बघितलं आणि मालकालाच ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, कारण हलक्या दोनसीटर गाडीत एका माणसाच्या वजनाने आकडे हलतात. मग सस्पेन्शनचं एक रबरी बुश मेलेलं निघालं. रबर सैल असेल तर उभ्या गाडीवर घेतलेलं माप ब्रेक दाबताच खोटं ठरतं. त्या दिवशी कॅम्बरला हातच लावला नाही. बुश बदलून या, म्हणून मालकाला परत पाठवलं.

दुसऱ्या खेपेला क्रम ठरलेला: आधी मागची चाकं, मग पुढचा कास्टर, कॅम्बर आणि टो सगळ्यात शेवटी, कारण कॅम्बर हलला की टो हलतोच. या गाडीला वर कॅम्बर बदलता येणारी कॅम्बर प्लेट बसवलेली होती. आपल्या साध्या हॅचबॅकला बहुधा पुढचा टो तेवढाच फिरतो. “कॅम्बर पण करून देतो” असं कुणी म्हणालं तर बोल्ट कुठला ते आधी विचारावं. टोसाठी लॉक नट सैल करून टाय-रॉड पाव-पाव फेरा फिरवला, पडदा बघितला, रबरी बेलोला पडलेला पीळ हाताने सोडवला आणि नट आवळला. आवळताना आकडा पुन्हा सरकला. मग पुन्हा पहिल्यापासून.

सगळ्यात मोठी अडचण दुकानाबाहेर आहे. नाशिकहून कोइम्बतूर चौदाशे किलोमीटरच्या आसपास. गाडी ट्रेलरवर नेणं परवडत नाही, चालवत न्यावी तर ट्रॅकचं सेटिंग जाऊन-येऊन अठ्ठावीसशे किलोमीटर हमरस्त्यावर टायर चावत बसणार. शिवाय नीट लावलेला कोन एका खड्ड्यात किंवा रंग न मारलेल्या गतिरोधकावर फिरू शकतो, आणि बल्करच्या रस्त्यावर दोन्ही भरपूर. मिस्त्रींचा तोडगा असा: कॅम्बर प्लेटवर दोन खुणा, एक घरची, एक ट्रॅकची, आणि प्रत्येक खुणेला टाय-रॉडचे किती फेरे ते चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डात. मालकाने तिथे पोचून पाना चालवायचा. त्याला ते पटलं; पण परतीच्या आदल्या रात्री, दमलेला असताना, तो हे करेल यावर माझा फारसा विश्वास नाही.

म्हणून रोज रस्त्यावर आणि वर्षातून एक-दोनदा ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला माझं मत मधल्या आकड्यांना: पुढे उणे दीड ते दोन अंश कॅम्बर, टो शून्य, मागे किंचित टो-इन. ट्रॅकवर एखादा सेकंद जाईल, टायर वाचेल. आणि गाडी कुठलीही असो, दुकानातून निघताना आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला प्रिंट मागून घ्या.